शेजारच्या वस्तूचा भाव

सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे तराजू तपासून झाल्यावर निरीक्षकांना एकाएकी साक्षात्कार झाला, की आपला जन्म जुन्या वस्तूंचा धंदा करण्यासाठीच झाला आहे. साक्षात्कार कुणालाही होऊ शकतो, त्याला कुणाची हरकत नसते. पण तो बावन्नाव्या वर्षी, चांगली पक्की नोकरी असताना आणि खात्याने स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म टेबलावर आणून ठेवलेला असताना झाला, की घरच्यांची हरकत असते.

निरीक्षक वजनमाप खात्यात होते. ते बाजारात शिरले की दुकानदार आधी तराजू पुसायचे आणि मग कपाळ. किलोमागे दहा ग्रॅम मारणाऱ्या एका भाजीवाल्याला त्यांनी अशी काही समज दिली होती, की तो बिचारा पुढे कायम गिऱ्हाइकाला एक बटाटा वर टाकत राहिला. लाच सोडाच, दुकानदाराचा चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नाही. आता असा माणूस निवृत्त झाल्यावर कुठल्या धंद्यात पडावा? तर जिथे वजन नाही, माप नाही, छापील किंमत नाही आणि शिक्का असलाच तर तो हमखास खोटा असतो, अशा धंद्यात. देव माणसाला बुद्धी देतो ती पेन्शनच्या वयात परत घेतो की काय, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोपसमारंभात उघड बोलून दाखवलं. निरीक्षकांना ते कौतुक वाटलं.

त्यांची बायको औषधांच्या दुकानात काम करायची. तिने सगळी योजना शांतपणे ऐकून घेतली.

"आमच्याकडे तारीख उलटली की माल फेकून देतात," ती म्हणाली, "आणि तुमच्याकडे तारीख उलटली की भाव वाढणार. छान आहे. मग मलाही बसवा काचेत."

त्यावर निरीक्षकांनी खालची गाडी ठेवायची खोली रंगवायला घेतली. गाडी रस्त्यावर गेली, खोलीला पिवळसर दिवे लागले, दारावर पाटी आली. आत विकायला काही नव्हतं, पण तो तपशील झाला.

धंदा शिकायचा तर गुरू हवा. जुन्या बाजाराच्या गल्लीत, टोकाच्या दुकानात एक म्हातारा बसायचा. सगळा बाजार त्याला मामा म्हणायचा. तो कुणाचाच मामा नव्हता. उलट आलेल्या माणसाला मामा बनवणं हा त्याचा चरितार्थ होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. घड्याळांचे काटे वेगवेगळ्या वेळा दाखवत होते, तीन पायांच्या खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि धूळ अशी जपलेली होती की ती मामा विकत आणून पसरतात, अशी बाजारात वदंता होती. निरीक्षकांनी तीन आठवडे रोज सकाळी जाऊन तिथे झाडू मारायची तयारी दाखवली.

"झाडू नको!" मामा दचकून म्हणाले. "साहेब, त्या धुळीला पन्नास वर्षं लागलीत. तुम्ही आपले बसा आणि बघा."

निरीक्षक बसले आणि बघत राहिले. चौथ्या आठवड्यात मामांना त्यांची दया आली असावी, किंवा कंटाळा. त्यांनी धंद्याचं गुपित सांगितलं.

"कुणाच्याही घरी माल बघायला गेलात, की ज्या वस्तूवर जीव जडलाय तिच्याकडे पाठ करायची. ढुंकून बघायचं नाही. भाव विचारायचा तो तिच्या शेजारच्या वस्तूचा. तिचाच कीस पाडायचा, तिच्यावरच तासभर हुज्जत घालायची. मालकाचं सगळं लक्ष तिथे अडकतं. कळलं?"

"कळलं," निरीक्षक म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

"आणि मग निघता निघता," मामा म्हणाले, "दारात उभं राहून, सहज, अगदी सहज म्हणायचं, हे खोकंही टाका ना वर. खोकं म्हणजे आपली खरी वस्तू. लोक अशी फुकट देतात."

निरीक्षकांनी तेही लिहून घेतलं. 'सहज' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. आता मला सांगा, ज्या माणसाला सहज या शब्दाखाली रेघा माराव्या लागतात, त्याच्याकडून ते कसं व्हायचं?

झालंही तसंच. पहिल्याच घरी निरीक्षकांना पितळी कोपऱ्यांची एक जुनी ट्रंक दिसली. त्यांनी लगेच तिच्याकडे पाठ केली आणि शेजारच्या टेबलफॅनचा भाव विचारला. पंख्याला पाती नव्हती. घरमालकाने भाव सांगितला, निरीक्षकांनी तो तोडला, त्याने कमी केला, यांनी आणखी तोडला. शेवटी मालक वैतागून म्हणाला, "बरं बाबा, तुमचंच खरं, न्या." आणि इथे निरीक्षकांची सव्वीस वर्षांची सचोटी आडवी आली. आपण भाव सांगितला, समोरच्याने मान्य केला, म्हणजे सौदा ठरला. ठरलेला सौदा मोडणाऱ्या दुकानदारांना त्यांनी जन्मभर उभं-आडवं घेतलं होतं. त्यांनी निमूट पैसे मोजले. दारात उभं राहून ते 'सहज' म्हणायची वेळ आली तेव्हा तोंडातून निघालं ते फक्त "बराय, येतो."

आठ महिन्यांत त्यांचं दुकान गच्च भरलं. पात्यांशिवायचा पंखा होता, एका चाकाची मुलांची सायकल होती, व्यायामाचं गंजलेलं यंत्र होतं, दार नसलेला फ्रिज होता, प्लास्टिकच्या फुलांच्या चार परड्या होत्या आणि कुणातरी काकूंचा कमरेचा पट्टा होता. गावभर जिथे जिथे एखादी देखणी जुनी वस्तू होती, तिची शेजारीण निरीक्षकांच्या दुकानात नांदायला आली होती.

"ताकाला जाऊन भांडं लपवायचं, इथवर ठीक आहे," बायको पट्टा दोन बोटांत धरून म्हणाली. "पण तुम्ही ताक तिथेच ठेवून दुसऱ्याचं भांडं घेऊन येता."

अशात ताईचा फोन आला.

ताई म्हणजे निरीक्षकांची थोरली बहीण. आई जाऊन चार महिने झाले होते. आईचं भाड्याचं घर या महिनाअखेरीस रिकामं करून द्यायचं होतं. "रविवारी ये, छोटू," ताई म्हणाली. गावात दरारा असलेल्या या माणसाला जगात एकच व्यक्ती अजून छोटू म्हणत होती. "तुला आईचं काय हवं ते घे. उरेल ते भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकू."

आईचं काय हवं, हे निरीक्षकांना विचार करून ठरवावं लागणार नव्हतं. त्यांना बटणांची पेटी हवी होती.

आई शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आणि मशीनच्या उजव्या हाताला ती पेटी. टेबलावर मावेल एवढी, गडद लाकडाची, सहा ओळींत छत्तीस लहान खण. प्रत्येक खणाच्या तोंडावर आत जे बटण असेल त्याचाच एक नमुना दोऱ्याने बांधलेला. तीच मूठ आणि तीच पाटी. निरीक्षक चार वर्षांचे होते तेव्हापासून मशीनखाली बसून, जमिनीवर सांडलेली बटणं वेचून ती ज्याच्या त्याच्या खणात टाकायची, हे त्यांचं काम होतं. चुकीच्या खणात एकही गेलं नाही पाहिजे, असा आईचा दंडक होता. नेमकेपणाचं वेड त्यांना खात्याने लावलं असं लोक समजत. ते लागलं होतं तिथे, मशीनखाली.

तर मग फोनवरच सांगायचं, ताई, मला ती पेटी हवी. तीन सेकंदांचं काम. पण निरीक्षकांची जीभ रेटली नाही, आणि त्याचं कारण धंद्यात नव्हतं. शेवटची चार वर्षं आईला उठबस होत नव्हती, आणि ती सगळी वर्षं ताईने काढली. निरीक्षक फोन करायचे. "रविवारी येतो" म्हणायचे. मग एखाद्या रविवारी तपासणी निघायची, एखाद्या रविवारी अंग मोडून यायचं, आणि नंतर तर दुकानच आलं. दुकान बघायचं असं आई म्हणाली होती. "जरा माल लागू दे, मग नेतो," असं यांनी सांगितलं होतं. माल लागला तेव्हा आई नव्हती. आता ज्याने काही केलं नाही त्याने घरातली सगळ्यात जिवाची वस्तू कुठल्या तोंडाने मागावी? ती ताईला हवी असली तर? आणि नको असली तरी, 'ही तू मागतोस?' अशा नजरेने तिने बघितलं तर?

भित्र्या माणसाला युक्ती फार लवकर आठवते. निरीक्षकांना मामा आठवले.

रविवारी सकाळी ते आईच्या घरी पोचले. ताईने केस बांधून, पदर खोचून अर्धं घर आवरून ठेवलं होतं. भांडी एका बाजूला, कपडे एका बाजूला. बाहेरच्या खोलीत मशीन नव्हतं; ते ताईने शेजारच्या शिकाऊ मुलीला देऊन टाकलं होतं. पेटी मात्र आपल्या जागी होती. आणि तिच्या शेजारी होती शोकेस.

या शोकेसबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. ती त्यांच्या वडिलांनी एका प्रदर्शनातून हौसेने आणली होती. प्लायवूडवर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेला, तोही कोपऱ्यांना सुटलेला. सरकत्या काचा, ज्या कधीच सरकल्या नाहीत. उंची छताला टेकणारी. आई तिला मरेपर्यंत 'तो उंट' म्हणायची.

निरीक्षकांनी पेटीकडे पाठ केली आणि उंटासमोर उभे राहिले.

"काय हवं ते बघ," ताई म्हणाली.

"ही शोकेस..." निरीक्षक मान तिरकी करून म्हणाले. त्यांनी कागद सुटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "चांगलं काम आहे हं."

"ही?"

"आता असं काम होत नाही."

"देवाची कृपा आहे," ताई म्हणाली. "छोटू, आईला ही डोळ्यांसमोर नको असायची. माहितीये ना तुला?"

"ते वेगळं. धंद्याच्या नजरेने बघावं लागतं." निरीक्षकांनी वाकून शोकेसचे पाय तपासले, मागे डोकावून पाहिलं, काचेवर टिचकी मारली. असा त्यांनी बराच वेळ काढला. पाठीमागे पेटी आहे हे त्यांना मानेच्या मागच्या बाजूने कळत होतं.

ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग ती चालत गेली आणि तिने पेटीवर हात ठेवला. "आणि हे?" तिने विचारलं. "हे नको तुला?"

आता खरं म्हणजे आभाळातून आयतं उत्तर पदरात पडलं होतं. पण मामांचा आणखी एक धडा पक्का होता: मालक स्वतःहून त्या वस्तूचं नाव काढू लागला तर तिला नावं ठेवायची. निरीक्षकांनी मान न वळवता, खांद्यावरून एक नजर टाकली.

"ते काय," ते म्हणाले, "कीड लागलेली फळकुटं. चुलीत घालायला बरी."

चेहरा त्यांनी हलू दिला नाही. शाबास, असं मामा म्हणाले असते. ताईने पेटीवरचा हात काढून घेतला.

"बरं," ती म्हणाली. "तू त्यातला जाणकार." आणि आत निघून गेली.

पुढचा दीड तास उंटाने खाल्ला. निरीक्षकांनी दोन हमाल बोलावले होते. उंट खोलीतून बाहेर आला, जिन्याच्या पहिल्या वळणावर आला आणि तिथे जो रुतला तो रुतला. खालचा हमाल वरच्याला दोष देऊ लागला, वरचा जिन्याला, आणि वरच्या मजल्यावरून खाली उतरायला आलेले एक गृहस्थ या तिघांच्याही खानदानाला. निरीक्षक मध्ये अडकले होते. डावा खांदा शोकेसखाली, उजवा गाल भिंतीला. त्या अवस्थेतही ते मनातल्या मनात सराव करत होते. 'ताई, ते खोकंही टाक ना वर.' छे, फार घाईचं वाटतं. 'अगं, ते एक खोकं आहे बघ, तेही नेतो, अडगळ कमी होईल तुझी.' हे बरं. यात उपकारही होता. शेवटी हमालांनी शोकेसचा माथा करवतीने कापला, काच एक फुटली, आणि उंट उतरला.

निरीक्षक कपडे झटकत वर आले. चेहऱ्यावर त्यांनी सहज भाव आणला होता, अगदी व्यवस्थित बसवून.

खोली रिकामी होती.

"भंगारवाला येऊन गेला," आतून ताई म्हणाली. "मागच्या जिन्याने नेलं सगळं. पुढे तुमचा तमाशा चालू होता ना."

"पेटी?" निरीक्षक म्हणाले.

ताई बाहेर आली. तिच्या हातात गाठ मारलेला उशीचा एक अभ्रा होता, आणि तो जड होता. "पेटी दिली. चुलीत घालायला बरी, असं तूच म्हणालास. बटणं तेवढी मी काढून घेतली. तुला ती नको असतील."

निरीक्षकांनी तोंड उघडलं. ते म्हणू शकले असते की ताई, मी खोटं बोललो. तेवढ्यात खालून हमालाने हाक मारली, आणि निरीक्षक त्या हाकेला असे धावले की जणू बुडत्याला फळी मिळाली. हमालांना पैसे देऊन ते तडक भंगाराच्या वखारीकडे निघाले. उंट रस्त्यावर तसाच उभा राहिला.

वखारीत लोखंडाचा ढीग वेगळा, कागदाचा वेगळा, काचेचा वेगळा. लाकडाच्या ढिगात पेटी नव्हती. "बटणं लावलेलं ते?" भंगारवाला म्हणाला. "ते आत्ताच गेलं की. जुन्या बाजारातले मामा दर रविवारी फेरी मारतात. आले, एक मोडका पाट उचलला, त्यावर माझ्याशी अर्धा तास भांडले, आणि जाताना म्हणाले, हे खोकंही टाक वर. टाकलं."

गुरू उगाच गुरू होत नाही.

रविवारी दुपारी मामा दुकान बंद करून झोपतात. निरीक्षकांना सोमवार सकाळपर्यंत थांबावं लागलं. घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, कारण न सांगता जेवण गेलं नसतं. एरवी तिने दोन टोले हाणले असते. त्या दिवशी तिने फक्त विचारलं, "ताईंच्या तोंडावर म्हणालात? चुलीत घालायला?" आणि ताट उचलून आत गेली. टोला परवडला असता.

सकाळी मामांच्या दुकानात शिरताच त्यांना पेटी दिसली. मधोमध, स्टुलावर, मखमलीच्या तुकड्यावर. एका रात्रीत तिच्यावर पन्नास वर्षांची धूळ बसली होती. दोरीने एक पुठ्ठा अडकवला होता: 'राणीची दागिन्यांची पेटी. संस्थानाच्या खजिन्यातून.' भाड्याच्या दोन खोल्यांत विजारींना बटणं लावून दोन पोरं वाढवणारी बाई मेल्यावर चार महिन्यांत राणी झाली होती. निरीक्षकांना रागही आला आणि, खोटं कशाला सांगा, क्षणभर बरंही वाटलं.

त्यांनी पेटीकडे पाठ केली.

"मामा, ही खुर्ची केवढ्याला?"

मामांनी चष्मा वर केला. त्यांनी खुर्ची पाहिली, मग निरीक्षकांची पाठ पाहिली, मग पाठीमागे काय आहे ते पाहिलं. आणि ते हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"साहेब, गुरूची विद्या गुरूलाच?" ते डोळे पुसत म्हणाले. "खुर्ची विकायची नाही, मी बसतो तिच्यावर. पेटीबद्दल बोला."

निरीक्षक वळले. आता युक्ती संपली होती, आणि ती संपल्यावर माणसाजवळ जे उरतं ते फार थोडं असतं.

"ती माझ्या आईची आहे," ते म्हणाले. "चौथ्या ओळीतला शेवटचा खण काढा. तळाला पेन्सिलने लिहिलंय."

मामांनी खण ओढला, उलटा केला आणि उजेडाकडे धरला. 'छोटूचा कोट' अशी अक्षरं होती. शाळेच्या कोटाची बटणं पोरगा दर महिन्याला हरवायचा, म्हणून आईने त्याच्या नावाचा खणच काढला होता. मामांनी तो खण परत जागेवर बसवला. दोन वेळा बसवला, कारण पहिल्यांदा तिरका गेला.

"छोटू म्हणजे तुम्ही?"

"हो."

"हे मला सांगायला नको होतंत," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं, पण धंदा तो धंदा. "आत शिरलात तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक होतात. आता गरजू आहात. गरजूला भाव वेगळा."

आणि त्यांनी तो सांगितला. तो राणीच्या खजिन्याला शोभेल असाच होता. निरीक्षकांनी खिशातून चेकबुक काढलं.

"अहो!" मामा उठून उभे राहिले. "असं काय करता? अर्धा तरी करा. मी तोडायसाठीच सांगितलाय."

"नाही," निरीक्षक म्हणाले.

"निदान म्हणा तरी की फार आहे! माझ्या दुकानाची काही इज्जत आहे की नाही?"

निरीक्षकांनी आकडा लिहिला, सही केली आणि चेक फाडून त्यांच्या हातात दिला. मामा चेककडे, कुणी शिवी दिल्यासारखे, बघत राहिले. "साहेब," ते शेवटी म्हणाले, "या धंद्यात तुमचं काही खरं नाही."

हे निरीक्षकांना आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी खरं वजन करून सांगितलं होतं. त्यांनी पुठ्ठा काढून मामांना परत दिला, पेटी छातीशी धरून उचलली आणि चालत निघाले. रिक्षा केली नाही. हादऱ्याने एखादा खण पडला असता.

ताईच्या घरी तीन मजले चढायचे होते. वर पोचेपर्यंत त्यांचा श्वास फुलला होता. बेल वाजवायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी कोपराने दार ठोठावलं. ताईने दार अर्धवट उघडलं. तिने आधी पेटी पाहिली आणि मग भाऊ.

"मला हीच हवी होती, ताई," निरीक्षक म्हणाले. वाटेत त्यांनी कसलाही सराव केला नव्हता. "पहिल्यापासून हीच."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.

ती दारातच उभी राहिली.

"लहानपणी तुला हिच्याजवळून जेवायला उठवावं लागायचं. मला माहीत नसेल? मी मुद्दाम हिच्यावर हात ठेवून विचारलं तुला. म्हटलं, एकदा तरी हा म्हणेल, आईचं मला काहीतरी हवंय. चार वर्षं तिला काही हवंय का, ते नाही विचारलंस. आता तुला तरी तिचं काही हवंय का, एवढंच बघत होते मी. आणि तू त्या उंटाचे पाय तपासत बसलास."

निरीक्षकांच्या हातांना रग लागली होती, पण पेटी खाली ठेवायची त्यांची हिंमत झाली नाही.

"मागितली असती तर बरं दिसलं नसतं," ते म्हणाले. "मी काही केलं नव्हतं. कुठल्या तोंडाने मागायची?"

"मग ज्या तोंडाने फळकुटं म्हणालास, त्या तोंडाने?"

 निरीक्षकांचे डोळे भरून आले, आणि हात मोकळे नसल्यामुळे पुसता येईनात. ताईने ते पाहिलं, पण ती काही पुढे झाली नाही.

"कुणाकडे सापडली?"

"जुन्या बाजारातल्या मामांकडे."

"केवढ्याला दिली त्याने?"

निरीक्षकांनी आकडा सांगितला. ताईच्या भुवया वर गेल्या.

"लुटलं की तुला."

"हो."

"तू सांगितलास किती?"

"मी नाही सांगितला."

"म्हणजे भावच नाही केलास? तू?"

"नाही केला."

ताई भावाकडे बघत राहिली. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवत होतं, तो आवाज थांबेपर्यंत ती बघत राहिली.

"बटणं मी देणार नाही," ती म्हणाली.

"नको देऊस. पेटी तुझ्याकडेच राहू दे. मी येत जाईन."

"येत जाईन म्हणायचास तू आईलासुद्धा. ती दर रविवारी केस विंचरून घ्यायची माझ्याकडून."

हे निरीक्षकांना माहीत नव्हतं. आता ते माहीत झालं, आणि पेटी एकदम फार जड वाटू लागली. ती त्यांनी आणखी घट्ट धरली.

"आज आलोय, ताई," ते म्हणाले.

ताईने डोळ्यांना पदर लावला आणि दार सताड उघडलं.

"जपून आण," ती म्हणाली. "कोपरा घासेल तिचा चौकटीला."